सरोजाबाईंचे पूर्ण मिनिट

तांबरमच्या पूर्वेला असलेल्या त्या लहानशा आरोग्य केंद्रात मी प्रथम गेलो, तेव्हा दारातच एका परिचारिकेने हात वर करून मला थोपवले. तिची नजर माझ्याकडे नव्हती. आईच्या मांडीवर पहुडलेल्या एका बाळाचे झबले छातीपर्यंत सारलेले होते, आणि ती त्याच्या उघड्या पोटाकडे एकटक पाहत होती. उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून एकामागून एक सरकत होता. गळ्यातल्या दोरीला अडकवलेले, आगपेटीएवढे एक वेळदर्शक यंत्र एकदा वाजले. ती हलली नाही. पुढे ते दोनदा वाजले, तेव्हा तिने हात खाली घेतला, वहीत आकडा लिहिला आणि मग माझ्याकडे वळून ती म्हणाली,

"आतां या सार. मघां आपण बोलला असता तर पुन्हां पहिल्यापासून मोजावें लागलें असतें."

मराठी ऐकून मी चकित झालो. ती तंजावरच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेलेली, तमिळच्या चालीवर बोलली जाणारी मराठी होती. त्या सरोजाबाई. वय साठीला टेकलेले, नोकरीची एकतीस वर्षे पूर्ण, निवृत्तीला चार महिने शिल्लक. पती वेंकटरमण टपाल खात्यात होते. ते सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा बंगळुरूला. सरोजाबाई केंद्रापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात आणि सकाळी आठला पाच मिनिटे असताना केंद्राचे कुलूप स्वतः उघडतात.

श्वास मोजण्याची त्यांची रीत मी पुढे अनेकदा पाहिली. एका हाताच्या चार बोटांची पेरे बारा. अंगठा बारा पेरांवरून फिरला की एक फेरा. फेऱ्यांचा हिशेब डाव्या हाताच्या बोटांवर. वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक भरला, तर फुफ्फुसाच्या दाहाची शंका घेऊन त्याला डॉक्टरांकडे पाठवायचे, असा नियम आहे. सरोजाबाईंच्या भाषेत तो 'चार फेरे आणि दोन पेरें' असा आहे. वर्षावरील मुलाला चाळीस, म्हणजे 'तीन फेरे आणि चार पेरें'. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आकडे मनात म्हणत राहिले की डोळे पोटावरून ढळतात, म्हणून आकडे बोटांकडे सोपवले, एवढेच त्यांनी सांगितले.

गळ्यातले यंत्र अर्धे मिनिट झाल्यावर एकदा आणि पूर्ण झाल्यावर दोनदा वाजते. पुष्कळ परिचारिका पहिल्या वाजण्यालाच थांबतात आणि आलेल्या आकड्याची दुप्पट लिहितात. नोकरीच्या पहिल्या वर्षी सरोजाबाईही तसेच करत. लहान बाळाचा श्वास मात्र घड्याळासारखा एका लयीत चालत नाही; क्षणभर धावतो, क्षणभर थबकतो. एका बाळाच्या अर्ध्या मिनिटात बावीस श्वास आले, त्यांनी चव्वेचाळीस लिहिले आणि त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याच बाळाला बरगड्या आत ओढल्या जात असलेल्या अवस्थेत आणण्यात आले. ते वाचले, पण अकरा दिवस रुग्णालयात राहून. अर्ध्या मिनिटाची गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. सरोजाबाई त्या आईच्या घरी गेल्या आणि त्यांनी ती स्वतः सांगितली.

"काय म्हणाली ती?" मी विचारले होते.

"म्हणाली, 'सिस्टर, तुम्हांला पगार अर्धा देतात का?' त्या दिवसापासून पूर्ण मिनिट."

आता मी तेथे का गेलो, ते सांगतो. अण्णा नगरमध्ये आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कार्तिकेय नावाचा एक तरुण अभियंता राहतो. त्याने एका मित्राच्या साहाय्याने गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी कार्यशाळा थाटली असून तेथे बाळांचा श्वास मोजणारे यंत्र तयार केले आहे. मऊ कापडी पट्टा बाळाच्या पोटाभोवती बांधायचा. पट्ट्यातील चकती पोटाची वरखाली हालचाल टिपते आणि मिनिटाअखेर हातातल्या डबीवर आकडा उमटतो. बाळाचे वय आधी भरलेले असते, त्यामुळे श्वास ठीक असल्यास हिरवा दिवा लागतो, वेगवान असल्यास तांबडा. कल्पना चांगली आहे. सरोजाबाईंसारखी सवय असलेली माणसे सर्वत्र मिळत नाहीत, हे खरेच.

या यंत्राची चाचणी त्या केंद्रात साठ बाळांवर झाली. पद्धत अशी की, प्रथम यंत्राने एक मिनिट मोजावे आणि लगेच पुढचे मिनिट परिचारिकेने डोळ्यांनी मोजावे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांनी परिचारिकेच्या आकड्यावरून घ्यावा. यंत्राचा आकडा केवळ तुलनेसाठी. मी आयुष्यभर केंद्र सरकारच्या एका मापन प्रयोगशाळेत काम केले असल्याने कार्तिकेयने अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आणून दिला. त्याचे घराणेही मूळचे तंजावरचे. परंतु मराठी आजीपाशीच थांबलेली. तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो. मी त्याचे बोलणे येथे मराठीत देत आहे.

मसुद्यानुसार एकोणपन्नास बाळांच्या बाबतीत दोन्ही आकड्यांत दोनहून अधिक फरक नव्हता. उरलेल्या अकरांत मात्र तो सहापासून सतरापर्यंत होता. त्याखाली वाक्य होते: 'या अकरा नोंदींतील हाताने केलेली गणना अविश्वसनीय आढळल्याने त्या वगळण्यात आल्या आहेत. पुढील टप्प्यात मोजणारी परिचारिका बदलण्यात यावी.'

"हे कशावरून ठरवलेस?" मी विचारले.

"सर, यंत्र आम्ही पोट वरखाली करणाऱ्या बाहुलीवर चारशे वेळा तपासलं आहे. एकदाही दोनपेक्षा जास्त चुकलं नाही. सिस्टर साठीच्या आहेत. दमत असतील."

"त्यांना विचारलेस?"

"विचारून काय सांगणार? कोण म्हणेल, हो, मी चुकले?"

त्याचा तर्क मला त्या वेळी अगदीच अमान्य वाटला नाही, हे मी नमूद केले पाहिजे. तपासलेले यंत्र आणि थकलेली दृष्टी यांत माझ्या व्यवसायाने मला यंत्राच्या बाजूनेच उभे राहायला शिकवले होते. तरीही, ज्या व्यक्तीविषयी असे वाक्य लिहायचे तिला एकदा तरी पाहावे, म्हणून मी तांबरमची गाडी धरली. अशा रीतीने त्या दिवशी दारात मला थोपवण्यात आले.

ते वाक्य मी सरोजाबाईंना वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले. मग टेबलावरचा कापूस डब्यात भरला, डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले.

"हा कागद कोठें जाणार?"

"मोठ्या डॉक्टरांकडे. तेथून वर."

"नोकरीचें जाऊं द्या सार. चार महिने उरलेत. पण एकतीस वर्षें मोजलें, आणि जातांना 'हिला मोजतां येत नाहीं' असें लिहून पाठवणार?" आवाज चढला नव्हता. "त्या अकरांत देविकाची पापा, तान्ही पोर, आहे का? जननी? आठ महिन्यांची?"

मी यादी पाहिली. होती. यंत्राचा आकडा एक्केचाळीस, सरोजाबाईंचा चौपन्न.

"तिला मी डॉक्टरांकडे पाठवली. छातीचा फोटो काढला, दाह निघाला. औषध चाललें आहे, परवां दाखवायला येणार. एक्केचाळीस खरें असतें तर ती आजारी कशी?"

मी यादीची प्रत घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती अकरा बाळे एका कोऱ्या कागदावर वयाच्या क्रमाने मांडली. मग सरोजाबाईंच्या आकड्यांच्या क्रमाने. तिसऱ्यांदा यंत्राच्या आकड्यांच्या क्रमाने मांडली, तेव्हा माझे लक्ष गेले. सरोजाबाईंचे आकडे अठ्ठावीसपासून अठ्ठावन्नपर्यंत विखुरलेले होते. बाळे तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची, कोणी निरोगी, कोणी आजारी, म्हणजे तसेच असायला हवे. यंत्राचे अकराही आकडे मात्र एकोणचाळीस ते त्रेचाळीस यांच्या दरम्यान गोळा झाले होते. वेगवेगळ्या वयाच्या आणि प्रकृतीच्या अकरा बाळांनी जवळजवळ एकाच गतीने श्वास घ्यावा, हे संभवत नाही. यंत्राने एकच काहीतरी अकरा वेळा मोजले होते, आणि ते बाळांचा श्वास नव्हते.

तो कागद घेऊन मी पुन्हा तांबरमला गेलो. सरोजाबाईंना म्हणालो, "या अकरा बाळांच्या बाबतीत इतरांपेक्षा वेगळे असे काय होते?"

त्यांनी वहीतली नावे एकेक करून बोटाने पाहिली. "अस्कीं, सगळींच, रडणारीं," त्या म्हणाल्या. "पट्टा बांधला कीं किंचाळायचीं. रडूं लागलें कीं डबी नुसती 'चूक, चूक' दाखवते. मग..."

बोट थांबले. त्यांनी मान वळवून खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे छताच्या कडीला एक जाड स्प्रिंग अडकवलेली होती आणि तिला जुन्या सुती साडीची झोळी बांधलेली होती. या शहरात तिला तूळी म्हणतात. तान्हे मूल असलेल्या घरात ती सहसा असतेच. हाताने हलकेच दाबत राहिले की ती वरखाली होते आणि मूल निजते.

"अय्यो," सरोजाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"तुम्ही त्यांना तूळीत घातले?"

"होय. पट्टा बांधून तूळींत घालायची, हलके हलके दाबायची. दोन मिनिटांत डोळा लागे. मग मिशिनीचें मिनिट सुरू करायची."

"दाबणे थांबवून?"

"थांबवलें कीं जागीं होतात ना सार. मिशिनीचें मिनिट संपलें कीं तूळी धरून ठेवायची आणि माझें मिनिट मोजायची. हलतें पोट डोळ्यांनीं मोजायचें कसें?"

"मग यंत्राने हलते पोट कसे मोजावे?"

"मज वाटलें, तिला कळत असेल. एवढ्या शिकलेल्या पोरांनीं केलेली. मी म्हातारी एक गोष्ट पाहतें, ती दहा पाहत असेल." मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहून, "माझ्या हाताला एकच चाल आहे. माझ्या पोराला निजवलें तीच."

नोंदीच्या तक्त्यात बाळाच्या स्थितीसाठी तीनच रकाने होते: जागे, निजलेले, रडणारे. सरोजाबाईंनी 'निजलेले' यावर खूण केली होती आणि ती खरी होती. मूल कशात निजले आहे, हे विचारणारा रकाना तक्ता करणाऱ्यांना सुचला नव्हता. गिंडीच्या कार्यशाळेत तूळी नव्हती. तेथली बाहुली टेबलावर निजत असे आणि रडत नसे.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी कार्तिकेयला तेथे घेऊन गेलो. त्याच सकाळी देविका जननीला दाखवायला आली होती. जननीचा श्वास छत्तीसवर आला होता आणि ती माझा चष्मा मागत होती. सरोजाबाईंनी पाठीमागच्या खोलीतून शिधावाटप दुकानातून आणलेली तांदळाची पिशवी आणली आणि कार्तिकेयच्या हाती दिली.

"पट्टा बांध, पा. घट्ट नको." त्या दोघांचे बोलणे तमिळमध्ये चालले होते, आणि 'पा' म्हणजे तिथले 'बाबा रे'.

"याला?" तो हसला. "सिस्टर, हे तांदूळ आहेत."

"ठाऊक आहे. रेशनचे आहेत. बांध."

त्याने बांधला. पिशवी तूळीत ठेवली गेली आणि सरोजाबाई तिच्या कडेला उभ्या राहून हलके हलके दाबू लागल्या. त्यांनी काहीही मोजले नाही. देविकाशी औषधाच्या वेळांविषयी बोलत राहिल्या. डबीने वय विचारले.

"काय भरू?" कार्तिकेय म्हणाला.

"आठ महिने भर."

मिनिट संपले. डबीवर एक्केचाळीस हा आकडा उमटला आणि हिरवा दिवा लागला.

देविका वाकून पाहू लागली. "सिस्टर, तांदूळ बरे आहेत म्हणायचे. आता डाळीला दाखवून घेऊ का?"

कार्तिकेय हसला नाही. त्याने पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि आकडा पुन्हा घेतला. चाळीस. तिसऱ्यांदा त्याने तूळी स्वतः दाबली, जरा घाईने, सत्तेचाळीस आले. मग त्याने पिशवी उचलून टेबलावर ठेवली, तेव्हा डबीने काहीच मोजले नाही. तो जननीकडे वळला. तिच्या एक्केचाळीसवरही हिरवाच दिवा लागला होता, हे त्याला त्या क्षणी आठवले असावे, कारण तो देविकाला एवढेच म्हणाला, "अक्का, बाळाचं औषध मध्येच बंद करू नका." आणि मग सरोजाबाईंकडे न पाहता, "माफ करा, सिस्टर."

"मी काय माफ करायची? तूळींत मी घातलीं."

अहवाल आम्ही तेथेच, टेबलाचा एक कोपरा रिकामा करून, नव्याने लिहिला. 'अविश्वसनीय' हा शब्द असलेले वाक्य मी आडवी रेघ मारून काढले. कार्तिकेयने त्या जागी लिहायला सुचवले: 'बाह्य हालचालीमुळे अकरा नोंदींत यंत्राचा आकडा चुकला.' वाक्य खरे होते. मी ते सरोजाबाईंना मराठीत सांगितले.

"कोणती हालचाल, तें नाहीं लिहिलें?"

"तुमचं नाव कशाला आणायचं, सिस्टर?" कार्तिकेय तमिळमध्ये म्हणाला. तो हे मनापासून म्हणत होता. "यंत्रात सुधारणा आम्ही करू. नियमात लिहिलं होतं, बाळ आईच्या मांडीवर किंवा सपाट जागी असावं. तूळीचं वर कळलं तर तुम्हालाच विचारतील, नियम का मोडला म्हणून. चार महिने राहिले आहेत."

"विचारूं देत. पुढच्या केंद्रांत दुसरी सिस्टर असेल. तिच्याकडेही तूळी असेल आणि पोर रडेल. 'बाह्य हालचाल' वाचून तिला काय कळणार? ती म्हणेल, मी कोठें हालवतें, मी तर निजवतें."

कार्तिकेयने माझ्याकडे पाहिले. मी लिहिले: 'परिचारिकेने रडणाऱ्या बाळांना शांत करण्यासाठी स्प्रिंगच्या झोळीत घालून हाताने हलवले. यंत्राने अकरा नोंदींत बाळाच्या श्वासाऐवजी झोळीची हालचाल मोजली. हाताने केलेली गणना सर्व साठ ठिकाणी ग्राह्य धरली आहे.' शेवटचे वाक्य मी दोनदा वाचून दाखवले, कारण त्यांना ज्या गोष्टीची भीती होती ती त्या वाक्याने नाहीशी होत होती. त्यांनी मान हलवली. सहीसाठी लेखणी हाती घेतली. मग ती खाली ठेवून वही ओढली आणि पाने मागे उलटली.

"बारा करा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अकरा नव्हें, बारा. हा पाहा, एकोणचाळिसावा. दोन वर्षांचा. हाही रडला, यालाही तूळींत घातला होता."

मी तक्ता पाहिला. यंत्राचा आकडा एक्केचाळीस. सरोजाबाईंचा एक्केचाळीस. जुळलेल्या एकोणपन्नास नोंदींत ती होती. मी फक्त न जुळलेल्या मांडल्या होत्या, त्यामुळे ती माझ्या कागदावर कधी आलीच नव्हती.

"पण सिस्टर," कार्तिकेय म्हणाला, "हा तर बरोबर आला आहे! हा कशाला काढायचा?"

"बरोबर आला, पा. मोजला नाहीं. त्याचा श्वास आणि माझा हात, दोन्ही एकाच चालीचे निघाले. तुझ्या मिशिनीनें माझा हात मोजला."

एक जुळलेली नोंद कमी होण्याने कार्तिकेयचे नुकसान होते, आणि नियम मोडल्याची एक नोंद वाढण्याने सरोजाबाईंचे. याविषयी तेथे कोणीही, त्यांच्याखेरीज, कधीही काही जाणू शकले नसते. मी कार्तिकेयकडे पाहत थांबलो, कारण अहवाल त्याचा होता.

त्याने टेबलावरची लेखणी उचलली. 'अकरा' खोडून 'बारा' केले, 'एकोणपन्नास' खोडून 'अठ्ठेचाळीस' केले आणि दोन्ही दुरुस्त्यांच्या बाजूला आपली आद्याक्षरे केली. मग कागद सरोजाबाईंपुढे सरकवला. त्यांनी तमिळ लिपीत, ठसठशीत अक्षरांत सही केली, खाली तारीख घातली, आणि बाहेर थांबलेल्या पुढच्या बाईला आत बोलावले.